तक्त्यातील अंक आणि संगणकाचे गणित

२०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ इतकी नोंदली गेली. वाचणाऱ्यास ही सरळ संख्या वाटते. संगणकास मात्र स्वल्पविरामांमुळे ती अक्षरांची एक ओळ दिसते, आणि अक्षरांची बेरीज होत नाही. संख्याशास्त्रीय संगणकभाषांत तक्त्याच्या एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती राहते. त्यामुळे जिल्ह्यातील चौदा तालुक्यांनी आकडे भरले आणि पंधराव्याने ‘निरंक’ असे लिहिले, तर सबंध रकाना मजकूर ठरतो.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी घडविलेली ‘आर’ ही अशीच एक विनामूल्य संगणकभाषा होय. रकान्याचे संख्येत रूपांतर करण्याची आज्ञा तीत आहे. जे वाचता येत नाही, त्या जागी ती ‘एनए’, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, अशी खूण ठेवते व तसा इशारा देते. म्हणून स्वल्पविराम आधी काढावे लागतात. अंक देवनागरी असल्यास त्यांच्या जागी आंतरराष्ट्रीय अंक घालावे लागतात.

इशारा मिळतो तेथे धोका थोडा. खरा धोका निमूटपणे होणाऱ्या चुकीचा. २०२० मधील चौथ्या आवृत्तीपूर्वी ‘आर’मध्ये मजकुराचा रकाना वाचताना तो आपोआप ‘फॅक्टर’, म्हणजे वर्गसूची, बनत असे. समजा, लासलगावच्या कांदा भावाच्या रकान्यात ९५०, १२००, ११०० व ‘निरंक’ अशा नोंदी आहेत. वर्गसूचीत त्या अक्षरक्रमाने लागतात: ११००, १२००, ९५०, निरंक. तिचे थेट रूपांतर केल्यास भावाऐवजी अनुक्रमांक हाती येतात. ९५० चे ३ होतात आणि १२०० चे २! अशी सूची प्रथम मजकुरात व नंतर संख्येत बदलावी लागते.

क्षेत्राचा रकाना याहून नाजूक. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर या क्रमाने १.२०.५० असे लिहितात. (भाषेचे आणि मापाचे नाव एकच, हा निव्वळ योगायोग.) दोन टिंबे पाहून संगणक ‘एनए’ देतो. तिन्ही भाग वेगळे करून आर १०० ने व चौरस मीटर १०,००० ने भागून हेक्टरमध्ये मिळविले की १.२०५० हेक्टर मिळतात. परंतु १ हेक्टर ५ आर हे कोणी घाईत ‘१.५’ असे लिहिले, तर संगणक तक्रार न करता दीड हेक्टर धरतो. ४५ आर वाढतात, आणि पीकनुकसानीची मदत हेक्टरी दराने ठरत असल्याने ती रक्कमही वाढते.

अंक दिसले म्हणून प्रत्येक रकाना बदलू नये. गट क्रमांक १२/१ हा भागाकार नव्हे. बँक खात्याच्या क्रमांकातील आरंभीची शून्ये रूपांतरात गळाली, तर मदत खातेदारापर्यंत पोहोचत नाही.

‘निरंक’चा अर्थही रकान्यागणिक बदलतो. नुकसानीच्या तक्त्यात तो बहुधा शून्य असतो. भावाच्या तक्त्यात त्या दिवशी लिलाव झाला नाही एवढाच त्याचा अर्थ. तेथे शून्य घातल्यास महिन्याची सरासरी विनाकारण घसरते. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे तक्ता भरणाऱ्या कार्यालयासच विचारावे लागते.