खोबणीत बसले म्हणजे जुळले का?

मुलांनो, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पुण्याला गेलो होतो. घराचा माळा आवरताना जुन्या चादरीत गुंडाळलेला एक व्हिडिओ गेम सापडला. आम्हा भावंडांचाच तो. १९९०च्या दशकात भारतात जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला विकायला असत, त्यांतला हा एक. खेळाला आम्ही ‘कॅसेट’ म्हणायचो आणि हातातल्या पॅडला ‘रिमोट’. मुलांच्या आजीने घरखर्चातून पैसे बाजूला टाकून तो घेतला होता. म्हणून तो आम्ही जपून इथे इंग्लंडला आणला.

घरी टीव्हीला जोडला आणि काय आश्चर्य, चित्र आले! रिमोट मात्र एकच उरला होता. आम्ही तो शोधत होतो, तेवढ्यात आमच्या धाकट्याने कार बूट सेलमधून आणलेला सेगा मेगा ड्राइव्हचा पॅड यंत्राला लावला. प्लग अगदी नीट बसला, नऊच्या नऊ पिना आत गेल्या. पण एकही बटण चालेना. मग आमचा जुना रिमोट लावला, तर तोही चालेना. आम्ही लगेच निकाल दिला, “तूच यंत्र जाळलंस!” आठवडाभर त्याचे खेळणे बंद.

तो बिचारा गप्प बसला. चूक कोणाची होती ते शेवटी कळेलच. त्याआधी ही यंत्रे बटणे कशी ओळखतात ते पाहू.

एक बटण, एक तार

१९७७ साली अटारी २६०० आला. त्याच्या जॉयस्टिकला नऊ पिनांचा प्लग होता. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि फायर अशी एकूण पाच कामे, प्रत्येकाला एक तार. बटण दाबले की ती तार ग्राउंडला जोडली जाते आणि यंत्राला कळते. घराच्या दारावरच्या घंटेइतके सोपे. कॉमोडोर ६४ (१९८२) या संगणकानेही हीच पद्धत ठेवली.

एका तारेचे दोन अर्थ

१९८८ साली जपानात मेगा ड्राइव्ह निघाला. त्याच्या पहिल्या पॅडवर चार दिशा आणि ए, बी, सी, स्टार्ट अशी आठ कामे होती. प्लग मात्र नऊच पिनांचा. आता गणित करा. नऊपैकी दोन पिना विजेसाठी गेल्या, उरल्या सात. आठ कामे सात तारांत कशी बसवायची?

त्यांनी युक्ती केली. सातवी पिन प्रश्न विचारण्यासाठी ठेवली. तिच्यावर वीज असेल तेव्हा सहावी पिन बी बटणाची आणि नववी सी बटणाची. वीज नसेल तेव्हा त्याच पिना अनुक्रमे ए आणि स्टार्टच्या. ही अदलाबदल पॅडमधली एक छोटी चिप करते.

गंमत म्हणजे हा पॅड अटारी २६००ला लावला तर चालतो. अटारीच्या सातव्या पिनेवर कायम वीज असते, म्हणून पॅडला नेहमी एकच प्रश्न ऐकू येतो आणि बी बटण फायरचे काम करते. पण तोच पॅड कॉमोडोर ६४ला थेट लावू नये. त्या संगणकात जॉयस्टिक आणि कीबोर्ड यांच्या तारा सामाईक आहेत. पॅडमधली चिप त्या तारांवर स्वतः वीज ढकलते, त्यामुळे संगणकाच्या चिपला इजा होऊ शकते. प्लग दोन्हीकडे बसतो, परिणाम मात्र वेगळा!

हजेरीची पद्धत

फॅमिकॉम (१९८३) निराळाच. त्याच्या पॅडवरही आठ बटणे, पण उत्तर सांगायला तार एकच. आपल्या वर्गात बाई हजेरी घेतात ना, तसेच. यंत्र आधी एका तारेवरून “सगळे जागेवर!” असा इशारा देते. मग दुसऱ्या तारेवरून एकेक ठोका देते, आणि प्रत्येक ठोक्याला एकेक बटण उत्तर देते. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. ही हजेरी सेकंदाला साधारण ५० ते ६० वेळा होते. १९९०च्या सुपर फॅमिकॉमने तीच हजेरी १६ ठोक्यांपर्यंत वाढवली.

आमचे यंत्र फॅमिकॉमची नक्कल, म्हणून ते आतून हजेरी घेणारे. पण नकलांना अनेकदा नऊ पिनांचा प्लग लावलेला असे, तसा यालाही होता. मेगा ड्राइव्हच्या पॅडला त्याचे ठोके कळणार कसे?

मराठीतही असे घडते. ‘शिक्षा’ हा शब्द मराठीत आणि हिंदीत एकसारखाच लिहितात. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत दंड. लिपी एक असली तरी भाषा एक होत नाही.

आम्ही कसे तपासले

एका शनिवारी आम्ही मुलांना घेऊन टेबलाशी बसलो आणि हे नियम कागदावर लिहिले:

१. प्लग लावताना आणि काढताना यंत्र बंद.
२. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.
३. प्रत्येक बटण वेगळे दाबायचे, मग दोन-दोन एकत्र. निकाल तक्त्यात.
४. पिनांची जुळणी समजल्याशिवाय परका पॅड लावायचा नाही.

आधी सेगाचा पॅड घेतला. वर्गातल्याच एका कुटुंबाकडे मेगा ड्राइव्ह आहे, त्यांच्याकडे जाऊन तो लावला. आठही कामे चोख! म्हणजे पॅड चांगला होता.

मग आमचा जुना रिमोट उघडला. प्लगपर्यंत पाच तारा: दोन विजेच्या, एक इशाऱ्याची, एक ठोक्यांची, एक उत्तराची. मल्टिमीटरची एक टोचणी पिनेला आणि दुसरी तारेच्या आतल्या टोकाला लावली. तार अखंड असेल तर मीटर वाजतो. चार तारांना वाजला, पाचवीला गप्प. ती उत्तराची तार होती. वायर रिमोटमध्ये शिरते तिथेच ती आत तुटली होती. वर्षानुवर्षे वाकून वाकून तुटलेली, एका दिवसात नव्हे.

तुटका भाग कापून तारा पुन्हा सोल्डर केल्या. रिमोट लावून यंत्र सुरू केले, स्टार्ट दाबले आणि खेळ सुरू झाला. यंत्र मुळी जळलेच नव्हते.

आमची चूक लक्षात आली का? जुना रिमोट चालतो की नाही हे आम्ही आधी पाहिलेच नव्हते. दिवसभर सॉफ्टवेअर तपासणारी माणसे आम्ही! कामावर कोणी पुराव्याशिवाय दोष दिला तर आम्ही चालवून घेत नाही. घरी मात्र चौकशी न करता निकाल दिला. आम्ही धाकट्याची माफी मागितली. त्याने आधी तक्ता पूर्ण भरला आणि मगच “ठीक आहे” म्हणाला.

यंत्राबरोबर एक पिस्तूलही होते. ते अजून चालत नाही, पण तेही बिघडलेले असेलच असे नाही. पिस्तूल पडद्यावरचा प्रकाश पाहते. जुना काचेच्या नळीचा टीव्ही ज्या क्षणी उजळायचा, त्या क्षणी आजचा सपाट टीव्ही उजळत नाही. जुना टीव्ही मिळाला की तपासू. तोवर तक्त्यात त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.

शब्दार्थ

माळा – घरात छताखाली सामान ठेवण्याची जागा
खोबणी – एखादी वस्तू नेमकी बसते ती पोकळ जागा
सामाईक – दोघांत किंवा अनेकांत मिळून एकच असलेले
अखंड – न तुटलेले

गृहपाठ

१. मेगा ड्राइव्हच्या पॅडला सातवी पिन नसती, तर किती बटणे कमी करावी लागली असती? (दिशा चारही हव्यात.)
२. मराठीत आणि हिंदीत सारखे लिहिले जाणारे, पण वेगळ्या अर्थाचे तीन शब्द आजी-आजोबांना विचारून लिहा.
३. तुम्हाला कधी न तपासता दोष दिला गेला का? आठ वाक्ये लिहा. पालकांनी ती वाचून खाली सही करावी.