निर्यातीची भेंडी : सरकारी आकडे कोठे पाहावेत व कसे वाचावेत

भात कापणीनंतर भाजीपाला घेण्याची पद्धत कल्याण, मुरबाड व शहापूर तालुक्यांत जुनी आहे. मोहने, आंबिवली, टिटवाळा या उल्हास व काळू नद्यांच्या काठच्या पट्ट्यात शहर वाढले, शेतजमीन कमी झाली, तरी ज्यांच्याकडे पाणी आणि थोडी जमीन शिल्लक आहे त्यांना भेंडीसारखे ४५ ते ५० दिवसांत तोडणीस येणारे पीक परवडते. मुंबईचा विमानतळ व वाशीची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर असल्याने या भागातील भेंडीला परदेशी बाजाराची वाटही सापडली आहे.

लागवडीच्या आधी एखादा खरेदीदार किंवा त्याचा माणूस गावात येतो. "बाहेर भेंडीला दीडशे रुपये किलो भाव आहे, निर्यात दुप्पट झाली आहे, तुम्ही लावा, आम्ही उचलतो," असे सांगतो. यातले किती खरे, हे शेतकऱ्याने कसे ताडून पाहावे? त्यासाठी लागणारी माहिती सरकार गोळा करते व कोणालाही विनामूल्य पाहता येते. ती कोठे मिळते आणि वाचताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

आकडा कोठे तयार होतो

परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मालासाठी निर्यातदाराला सीमाशुल्क विभागाकडे शिपिंग बिल दाखल करावे लागते. त्यात मालाचा प्रकार, वजन, किंमत, कोणत्या देशात जाणार आणि कोणत्या बंदरातून अथवा विमानतळावरून जाणार, हे लिहिलेले असते. देशभरातील ही नोंद कोलकाता येथील वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयाकडे जाते. देशाच्या आयात-निर्यातीचे अधिकृत आकडे तयार करणारी संस्था हीच. पूर्वी हे आकडे जाड मासिक ग्रंथांत छापून येत व ते पाहण्यासाठी मोठ्या ग्रंथालयात जावे लागे. आता केंद्रीय वाणिज्य विभागाच्या आयात-निर्यात माहिती पेढीवर ते संगणकावर किंवा मोबाईलवर दिसतात. मालानुसार, देशानुसार, वर्षानुसार आणि महिन्यानुसार तक्ते काढता येतात.

शेतमालापुरते पाहायचे असल्यास अपेडाचे, म्हणजे कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाचे संकेतस्थळ अधिक सोपे आहे. आकडे मुळात कोलकात्याचेच, पण ते फळे, भाज्या, तांदूळ अशा गटांत लावून दिलेले असतात. अपेडाचे मुंबई विभागाचे कार्यालय वाशी येथे आहे. कल्याणहून अर्ध्या दिवसात जाऊन येता येते, आणि समक्ष विचारलेले अधिक चांगले समजते असा अनेकांचा अनुभव आहे.

पिकाचा क्रमांक

या तक्त्यांत माल नावापेक्षा क्रमांकाने शोधावा लागतो. जगातील बहुतेक देशांनी मालाच्या वर्गीकरणाची एकच पद्धत स्वीकारली असून ती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. भारताने आपल्या व्यापाराच्या आकडेवारीसाठी ती एप्रिल १९८७ पासूनच वापरण्यास सुरुवात केली. पहिले दोन अंक प्रकरणाचे, चार अंक गटाचे, सहा अंक उपगटाचे. सहा अंकांपर्यंत क्रमांक सर्व देशांत सारखा असतो. पुढचे दोन अंक भारताचे स्वतःचे. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात, म्हणजे २००९ मध्ये बंद पडलेल्या एनआरसीत ज्यांच्या घरची माणसे कामाला होती, त्यांना सांगायचे तर कारखान्याचे सूत ५४ व्या प्रकरणात आणि शेजारच्या शेतातील भेंडी ७ व्या प्रकरणात.

कांद्याचा क्रमांक ०७०३१०, वांग्याचा ०७०९३०, ताज्या द्राक्षांचा ०८०६१०, तुकडा तांदळाचा १००६४०. भेंडीला मात्र सहा अंकांत स्वतंत्र जागा नाही. ती ०७०९९९ या 'इतर भाज्या' या उपगटात मोडते. २०१२ च्या फेरबदलापूर्वी हाच माल ०७०९९० मध्ये होता, म्हणून जुने आकडे काढताना तो क्रमांक घालावा. भारताच्या आठ अंकी यादीत वेळोवेळी नव्या ओळी घालतात, तेव्हा शोध घेण्यापूर्वी चालू यादी पाहून घ्यावी. सहा अंकांवर थांबल्यास भेंडीबरोबर इतरही अनेक भाज्या मोजल्या जातील हे ध्यानात ठेवावे. आंब्याचेही तसेच. ०८०४५० मध्ये आंबा, पेरू आणि मँगोस्टीन एकत्र आहेत.

किलोमागे किंमत काढणे

तक्त्यात दोन आकडे महत्त्वाचे : वजन आणि किंमत. पहिले काम म्हणजे तक्त्याच्या माथ्यावरील एकक वाचणे. किंमत बहुधा लाख रुपयांत किंवा दशलक्ष डॉलरमध्ये असते आणि वजन हजार किलोत, म्हणजे टनांत. एकक न वाचल्यामुळे शंभरपट चूक होते.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. यातील सर्व आकडे केवळ हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत, ते प्रत्यक्षातील नव्हेत. एका महिन्यात एका देशास ८०० टन माल गेला आणि त्याची किंमत ७२० लाख रुपये नोंदली आहे. ८०० टन म्हणजे ८ लाख किलो. ७२० लाखांना ८ लाखांनी भागले असता किलोला ९० रुपये येतात.

हे ९० रुपये कोणते? निर्यातीचे आकडे एफओबी किमतीत असतात. म्हणजे माल विमानात किंवा जहाजात चढेपर्यंतची किंमत. पुढचे भाडे व विमा त्यात नाही. उलट, माल घेणारा देश आपल्या आयातीचे आकडे बहुधा सीआयएफ किमतीत, म्हणजे भाडे व विमा धरून देतो. भेंडी बहुतांशी विमानाने जाते आणि विमानाचे भाडे जबर असते. त्यामुळे लंडन किंवा दुबईच्या दुकानातील भाव सांगून कोणी बांधावरचा भाव ठरवू लागल्यास तो भाव बाजूला ठेवावा आणि एफओबी दर विचारावा. प्रामाणिक निर्यातदार तो सांगण्यास कां कूं करीत नाही.

आता ९० रुपयांपासून मागे यावे. धरा, खोके व भरणी ९ रुपये, पॅकहाऊस व शीतगृह ६, विमानतळापर्यंत वाहतूक ४, तपासणी, रोगमुक्तता प्रमाणपत्र व सीमाशुल्काची कामे ४, निर्यातदाराचा नफा व गुंतलेल्या पैशाचे व्याज १२. एकूण ३५ रुपये. उरले ५५. पण हा भाव फक्त निवडलेल्या भेंडीला. निर्यातीस कोवळी, सरळ, डाग नसलेली, एकसारख्या लांबीची भेंडी लागते. १०० किलो तोडणीतून ७० किलो निवडली गेली आणि ३० किलो कल्याणच्या बाजारात २० रुपयांनी विकली तर ७० गुणिले ५५ म्हणजे ३,८५० रुपये, अधिक ६०० रुपये, असे ४,४५० रुपये होतात. सरासरी किलोला साडेचव्वेचाळीस रुपये. हीच १०० किलो भेंडी सरसकट स्थानिक बाजारात ३० रुपयांनी गेली असती तर ३,००० रुपये मिळाले असते. फरक साडेचौदा रुपयांचा. त्यातून रोजची तोडणी, निवडणीची मजुरी आणि फवारणीवरील बंधने भागवायची आहेत.

हा हिशेब प्रत्येकाने आपल्या खर्चाचे आकडे घालून करावा. खरेदीदाराने ३२ रुपये सांगितले तर मधले कोठे जातात हे विचारता येते. दीडशे सांगितले तरीही विचारावे, कारण एफओबी दरच ९० असताना बांधावर दीडशे कोणी देऊ शकत नाही. निवडीत नाकारलेला माल कोणाचा आणि विमानतळावरून परत आलेला माल कोणाचा, हे दोन प्रश्न भाव ठरण्याआधीच लेखी मिटवलेले बरे. बहुतेक भांडणे येथेच होतात.

आकडे कोठे चकवतात

सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च असते, तर अनेक देशांचे जानेवारी ते डिसेंबर. भेंडीचा हिवाळी हंगाम दोन्हींत वेगवेगळा कापला जातो, म्हणून वर्षाऐवजी महिन्यांचे आकडे घ्यावेत. मागील तीन-चार वर्षांचे तेच महिने एकाखाली एक लिहिले की कोणत्या महिन्यात कोणता देश माल घेतो हे दिसते. लागवडीची तारीख ठरवण्यास याचाच खरा उपयोग आहे. ताज्या महिन्यांचे आकडे तात्पुरते असतात व नंतर दुरुस्त होतात.

रुपयांतील वाढ फसवी असू शकते. २०१० मध्ये डॉलर सरासरी ४५-४६ रुपयांना होता, २०२३ मध्ये ८२ च्या वर. डॉलरमध्ये किंमत तेवढीच राहिली तरी रुपयांत ती पाऊणपटीहून अधिक वाढलेली दिसेल. वाढ पाहायची असल्यास आधी वजन पाहावे. 'निर्यात तिप्पट' असे कोणी म्हटल्यास किती टनांची किती टन झाली, ते विचारावे. २ टनांचे ६ टन झाले तरी तिप्पटच म्हणतात.

मुंबईतून गेलेला सगळा माल ठाण्याचा नसतो. विमानतळ व न्हावाशेवा बंदर यांच्या आकड्यांत गुजरात, नाशिक, पुणे सर्व आले. २०२० पासून शिपिंग बिलात मालाचे मूळ राज्य व जिल्हा लिहावा लागतो, परंतु पॅकहाऊस एका जिल्ह्यात व शेत दुसऱ्यात असे नेहमीचेच असल्याने जिल्हावार आकड्यांवर फार विसंबू नये. शिवाय १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या ठाणे जिल्ह्याच्या कोणत्याही शेती आकडेवारीत डहाणूचा चिकू व वाड्याचा भात मिळून आलेला आहे. जुना ठाणे आणि आजचा ठाणे यांची तुलना करून क्षेत्र घटले असा निष्कर्ष काढणारे लेख पाहण्यात येतात, ते चूक आहेत.

सर्वांत मोठा चकवा बंदीचा. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली व ती ४ मे २०२४ रोजी खुली केली. त्याआधी, १९ ऑगस्ट २०२३ रोजी, ४० टक्के शुल्क लावले होते. या महिन्यांचे आकडे पाहून परदेशात कांद्याची मागणी आटली असे म्हणणे म्हणजे दार बंद करून पाहुणे येत नाहीत म्हणण्यासारखे आहे. घेणाऱ्याकडूनही दार बंद होते. फळमाशी व इतर किडी सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळूची पाने घेणे थांबवले. आंब्यावरील बंदी २०१५ च्या सुरुवातीस उठली, भाज्यांवरील बंदी त्यानंतरही चालू राहिली. म्हणून आकड्यांच्या वहीत शेजारी एक रकाना आखून त्यात परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना तारखेसह लिहीत जावे.

घेणाऱ्या देशाची बाजू

ब्रिटन व युरोपीय संघ यांचे आयातीचे आकडेही खुले आहेत. आपला निर्यातीचा आकडा आणि त्यांचा आयातीचा आकडा तंतोतंत जुळत नाही. भाडे, वाटेतील दिवस आणि तिसऱ्या देशातून वळलेला माल यामुळे फरक पडतो. थोडा फरक असल्यास काळजी नसावी.

भेंडी उत्पादकाने याहून अधिक लक्ष द्यावे ते युरोपीय संघाच्या धोकासूचना नोंदवहीकडे. कोणत्या देशाचा कोणता माल कशामुळे अडवला, हे तिथे तारीखवार जाहीर होते. भारतीय भेंडी कीडनाशकांच्या अवशेषांसाठी वाढीव तपासणीच्या यादीत असून २०१९ च्या नियमावलीतही तिचा समावेश झाला. किती टक्के मालाची तपासणी करायची हे प्रमाण ठरावीक काळाने बदलते, ते हंगामापूर्वी निर्यातदाराकडून विचारून घ्यावे. कोणत्या औषधामुळे माल अडला हे पाहून आपल्या फवारणीच्या वेळापत्रकातून ते औषध काढून टाकावे. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास आपल्याच देशात मनाई आहे, तरी ते अजूनही फवारले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. एका शेतातील अवशेषामुळे संपूर्ण खेप अडते व पुढच्या हंगामात त्या गावाकडे खरेदीदार फिरकत नाही.

युरोपसाठी भेंडी द्यायची असल्यास अपेडाच्या व्हेजनेट प्रणालीत शेताची नोंदणी लागते. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयामार्फत करावा. सोबत सातबारा उतारा व शेताचा नकाशा ठेवावा आणि फवारणीची नोंदवही पेरणीच्या दिवसापासून सुरू करावी. आखाती देशांसाठी अटी वेगळ्या आहेत, त्या निर्यातदाराकडून लेखी घ्याव्यात. आकडे काढताना अडचण आल्यास पिकाचे नाव, सहा अंकी क्रमांक, देश व हवे असलेले महिने एका कागदावर लिहून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात अथवा अपेडाच्या वाशी कार्यालयात न्यावे. भात कापणीच्या आधी, सप्टेंबरमध्ये हे काम केल्यास बियाणे घेण्यापूर्वी हिशेब हाती राहतो.