संगणकातील पाठभेद : दोष कोणाचा?

संगणकात साठवलेला मजकूर बिघडला की आपण सरसकट हार्ड डिस्कला दोषी ठरवतो आणि नवी डिस्क आणून मोकळे होतो. काही दिवसांनी नव्या डिस्कवरही तोच प्रकार सुरू झाला, तर मग नशिबाला बोल लावायचा! प्रस्तुत लेखात या बिघाडाच्या निदानाचा विचार करावयाचा आहे. विषय विज्ञान शाखेचा वाटला, तरी ज्यांनी हस्तलिखितांचे पाठभेद अभ्यासले आहेत त्यांना तो परका वाटू नये.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठ बिघडले होते म्हणून. पोथी मुख्यतः दोन प्रकारांनी बिघडते. वाळवीने पान खाल्ले तर भोक पडते. अक्षर गेले हे डोळ्यांना दिसते. लिपिकाराची चूक मात्र सुवाच्य अक्षरात, सुबक ओळीत बसलेली असते.

डिस्कचे दुखणे बहुधा वाळवीसारखे असते. डिस्क ५१२ किंवा ४०९६ बाइटांच्या प्रत्येक खंडासोबत काही तपासणी-अंक लिहिते. वाचताना हिशेब जुळला नाही तर ती चूक दुरुस्त करते. तेही न जमल्यास 'वाचता येत नाही' असे स्पष्ट सांगते. चुकीचे अक्षर खरे म्हणून ती क्वचितच देते. सॅटा केबलवरही अशीच तपासणी असते व चुकलेला मजकूर पुन्हा मागवला जातो. या घटनांची नोंद डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदवहीत होते. तिच्यातील क्रमांक ५ व १९७ चे आकडे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होत आहे असे समजावे. क्रमांक १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलून पाहावी.

लिपिकाराची भूमिका वठवते ती रॅम. डिस्ककडे जाणारा प्रत्येक शब्द तिच्यातून जातो, आणि बहुतेक घरगुती संगणकांत तिच्यावर पुरेसा पहारा नसतो. तेथे एक बिट उलटला, तर डिस्क ती चूक नव्या तपासणी-अंकांसह इमानाने लिहून ठेवते. युनिकोडमध्ये 'क' आणि 'ग' यांत एकाच बिटाचे अंतर आहे. 'कोसा'चा 'गोसा' झाला तर आंधळगावात कोणीही हसून दुरुस्त करील. परंतु '२' व '६' यांतही एकच बिट आहे, मराठी अंक असोत वा इंग्रजी. विणकराच्या मजुरीच्या वहीत ६५०० चे २५०० झाले, तर ते कोणाच्या लक्षात येणार?

ही केवळ कल्पना नव्हे. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधील स्कारबेक येथे मारिया विंडेव्होगेल या उमेदवाराला ४०९६ मते जादा पडली. ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात. एक बिट उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गूगलच्या संगणकांवरील अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या.

आता निदान. एक मोठी फाइल घेऊन तिचा चेकसम अनेकदा काढावा. दर वेळी उत्तर वेगळे आले तर वाचनाचा मार्ग, विशेषतः रॅम, संशयित ठरते. दर वेळी एकच, पण चुकीचे उत्तर आले तर चूक लिहितानाच झाली असण्याचा संभव अधिक. येथे एक मेख आहे : दुसऱ्या वाचनात संगणक डिस्कपर्यंत जातच नाही, रॅममधली प्रतच पुढे करतो! म्हणून फाइल रॅमहून मोठी घ्यावी, किंवा मध्ये संगणक बंद करून सुरू करावा. चांगली प्रत उपलब्ध असल्यास दोन्ही बाइटागणिक ताडून पाहाव्यात. सुटे बिट बदललेले दिसले तर रॅम; सबंध खंड कोरे वा परके दिसले तर डिस्क, कंट्रोलर किंवा लिहिता-लिहिता गेलेली वीज.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावा. एक चूकही पुरेशी. मग एकेक पट्टी काढून दोषी पट्टी शोधावी. पट्ट्या निर्दोष निघाल्यास पॉवर सप्लाय बदलून पाहावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी उत्तीर्ण झालेला संगणक दुपारी नापास होऊ शकतो. यास्तव चाचणीची वेळ टिपून ठेवणे इष्ट.

आणि हे सर्व उरकेपर्यंत जुन्या बॅकअपवर नवी प्रत चढवू नये. ती त्याच रॅममधून येणार.