पाणबुडीची शाळा

रिकामी घागर पाण्यावर तरंगते, आणि तीत पाणी शिरले की तळाशी जाते. पाणबुडीचे रहस्यही याहून फारसे निराळे नाही. तिच्यात मोठमोठ्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचे पाणी घेतले की ती बुडू लागते. दाबून साठवलेल्या हवेच्या जोराने ते पाणी बाहेर लोटले की ती वर येते. घागर कोणासही बुडवता येते. माणसांनी भरलेली पाणबुडी बुडवून सुखरूप वर आणणे मात्र शिकावे लागते.

जर्मन आरमाराची पहिली पाणबुडी 'यू-१' ही होय. कील बंदरात बांधलेली ही पाणबुडी १९०६ साली आरमारात दाखल झाली. तिची लांबी अवघी ४२ मीटर. पाणतीर सोडण्याची नळी एकच. बंदिस्त जागेत पेट्रोलचा भडका उडण्याचे भय फार, म्हणून तिला रॉकेलची एंजिने बसवली होती. परंतु त्यांतून दाट पांढरा धूर निघे व रात्री ठिणग्या उडत. लपून राहणे हाच जिचा धर्म, तिने आपला ठावठिकाणा असा दुरूनच कळवावा, हे विचित्रच! पाण्याखाली एंजिनांना हवा मिळत नसे; तेथे विजेच्या मोटारी तिला चालवीत.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तोवर यू-१ जुनी ठरली होती. तिला रणात न धाडता नवशिक्यांच्या शिक्षणासाठी ठेवण्यात आले. टाकी केव्हा भरावी, झडप केव्हा मिटावी, याचे धडे तरुण नाविक तिच्या पोटात गिरवीत. तेथे एकाची चूक सर्वांच्या जिवावर बेतणारी असे. यू-१ ने एकही जहाज बुडवले नाही. इतर जर्मन पाणबुड्यांनी मात्र हजारो जहाजे बुडवली. त्यांत निःशस्त्र व्यापारी जहाजेही होती. त्या पाणबुड्यांवरील सुमारे पाच हजार नाविकही परतले नाहीत. शिकवणारी यू-१ मात्र उरली. १९१९ साली सरावात टक्कर होऊन तिची सेवा संपली. आज ती म्युनिकच्या संग्रहालयात आहे. तिची एक बाजू उघडी केल्यामुळे आतील यंत्रे दिसतात.

पुढे याच कील बंदराशी मुंबईचा संबंध जुळला. १९८१ साली झालेल्या करारानुसार भारतासाठी दोन पाणबुड्या कीलला व दोन मुंबईच्या माझगाव गोदीत बांधावयाच्या ठरल्या. गोदीतील माणसे जर्मनीत जाऊन ते काम शिकून आली. १९९२ साली 'शल्की' नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली ही पहिली पाणबुडी. तिच्यात एक भक्कम पोकळ गोल बसवलेला आहे. संकट ओढवल्यास सर्व नाविकांनी त्यात शिरावे, तो पाणबुडीपासून सुटा व्हावा आणि त्यांना घेऊन पृष्ठभागावर यावा, अशी ती योजना आहे.