रक्तातील साक्ष : रुग्णालयातील सेवकवर्ग आणि प्रतिपिंड-चाचणी

वैनगंगेकाठचे बालाघाट मध्य प्रदेशात, तर शेजारचे गोंदिया महाराष्ट्रात. मधली सीमा नकाशावर आहे. सोयरीक, बाजारहाट आणि रोगराई यांना ती अडवीत नाही. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा अशा गावांतील रुग्णालयांपुढे एक साधा प्रश्न उभा राहिला. वॉर्डातील आया, परिचारिका किंवा केसपेपर काढणारा कारकून यांना ताप आला नाही, खोकला झाला नाही. मग त्यांना संसर्ग झालाच नाही असे म्हणावे काय?

घशातील स्रावाची तपासणी याचे उत्तर देऊ शकत नाही. ती त्या दिवसापुरते बोलते. मागे काय घडले ते रक्ताला विचारावे लागते. विषाणू शरीरात शिरल्यावर साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत रक्तात त्याच्याविरुद्ध विशिष्ट प्रथिने दिसू लागतात. त्यांनाच प्रतिपिंडे किंवा अँटिबॉडी म्हणतात.

ही प्रतिपिंडे शोधण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मे २०२० मध्ये ‘कवच’ नावाची एलायझा चाचणी सिद्ध केली. तिचे तत्त्व सोपे आहे. प्लास्टिकच्या ताटलीतील लहान खळग्यांच्या तळाशी निष्प्रभ केलेल्या विषाणूचे अंश चिकटवलेले असतात. त्यांत रक्तद्रव घालतात. प्रतिपिंडे असतील तर ती तेथे पकडली जातात. बाकीचे धुऊन टाकतात. मग रंग आणणारे द्रव्य घातले की रंग उमटतो, आणि यंत्राने तो मोजतात. नव्वद नमुने सुमारे अडीच तासांत तपासता येतात.

परंतु रंग उमटला म्हणजे शंका फिटली, असे नव्हे. समजा, १००० कर्मचाऱ्यांपैकी खरोखर ५० जणांना संसर्ग होऊन गेला आहे. चाचणी १०० बाधितांपैकी ९२ ओळखते आणि १०० निरोगींपैकी दोघांना चुकून बाधित ठरवते. मग ५० पैकी ४६ सापडतील. पण उरलेल्या ९५० पैकी १९ निरोगीही त्यांच्यात जाऊन बसतील. ६५ होकारांत १९ खोटे! तीच चाचणी २०० बाधित असलेल्या १००० जणांवर केली तर १८४ होकार खरे आणि १६ खोटे येतील. चाचणी तीच, पण साथ जितकी पसरलेली तितका होकार अधिक विश्वासार्ह. हे गणित प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा कागदावर करून पाहावे.

आता देशातील आकडे पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तिसऱ्या पाहणीत (डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१) प्रौढांपैकी सुमारे २१ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, आरोग्यसेवकांत २५.७ टक्के. विशेष हे की डॉक्टर व परिचारिकांत हे प्रमाण २६.६, तर कार्यालयीन कर्मचाऱ्यांत २४.९ टक्के होते. म्हणजे धोका केवळ रुग्णाच्या खाटेशी नव्हता. मुखपट्टी केसपेपरच्या खिडकीवरही तितकीच हवी होती.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेही आरोग्यसेवकांपासून. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या पाहणीत आरोग्यसेवकांतील प्रमाण ८५.२ टक्क्यांवर गेले. याच पाहणीत मध्य प्रदेशात सर्वसाधारण प्रमाण ७९ टक्के, म्हणजे पाहणीतील राज्यांत सर्वाधिक आले. पण राज्यातून देवास, उज्जैन व ग्वाल्हेर हेच जिल्हे घेतले होते. बालाघाटविषयी त्यावरून निर्णय देता येणार नाही. शिवाय आता प्रतिपिंडे रोगाची की लसीची, हा भेद करावा लागतो. कोविशील्ड केवळ विषाणूच्या काट्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. म्हणून ती घेतलेल्याच्या रक्तात विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे दिसली, तर संसर्ग होऊन गेला असावा असे अनुमान निघते.

शेवटी एक इशारा. ‘कवच’ हे चाचणीचे नाव आहे. तिचा होकार मात्र कवच नव्हे. प्रतिपिंडे कालांतराने घटतात, विषाणू रूप बदलतो, आणि पुन्हा संसर्ग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्येच अशा अहवालाला निर्भयतेचा परवाना मानू नये, असे बजावले होते. अहवाल हातात पडताच मुखपट्टी खुंटीला टांगणारा सेवक स्वतःपेक्षाही समोरच्या अशक्त रुग्णाला अधिक धोक्यात घालतो. रक्त कालची साक्ष देते. उद्याची हमी देत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी या पाठाचे सार्थक झाले.