आधी कारण, मग निर्णय : लिनक्स संगणकातील नेटवर्क कार्डाचे निदान

कारणावाचून कार्य घडत नाही, हा तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाचा गाभा आहे; आणि ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय स्वीकारू नये, हा कालामसुत्ताचा बोध आहे. संगणक कक्षातही आम्ही विद्यार्थ्यांना हीच दृष्टी देतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सला परवाना शुल्क लागत नाही. त्यामुळे देणगीतले जुने संगणकही उपयोगी पडतात. मात्र इंटरनेट बंद पडले की ‘कार्ड गेले’ असे म्हणून संगणक अडगळीत जातो आणि घरी दुसरे साधन नसलेल्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. म्हणून निदान पायरीपायरीने करावे. पुढील आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकाव्यात.

१. यंत्राला कार्ड दिसते काय? टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी. यूएसबी कार्डासाठी ‘एलएसयूएसबी’. यादीत कार्ड नसल्यास बायोसमध्ये अंगभूत लॅन बंद आहे काय ते पाहावे. सुटे कार्ड असल्यास वीजजोडणी काढून ते स्वच्छ करावे व दुसऱ्या स्लॉटमध्ये घट्ट बसवावे.

२. ड्रायव्हर आहे काय? पहिल्या आज्ञेपुढे आडवी रेघ देऊन ‘एनएनके’ जोडल्यास उत्पादकाचा क्रमांक व वापरातील ड्रायव्हर कळतो. ‘८०८६’ म्हणजे इंटेल, ‘१०ईसी’ म्हणजे रिअलटेक. ड्रायव्हरचा उल्लेख नसल्यास ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलचे संदेश वाचावेत. फर्मवेअर सापडले नाही असा संदेश आल्यास उणीव फाइलची आहे, कार्डाची नव्हे. ती फाइल दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हने आणता येते. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीपासून (२०२३) असे बरेच फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच असते.

३. नाव व स्थिती काय? ‘आयपी लिंक’ ही आज्ञा द्यावी. पूर्वीच्या ‘ईटीएच०’ऐवजी आता बहुधा ‘ईएनपी३एस०’ यासारखे, कार्डाच्या जागेवरून ठरलेले नाव दिसते. स्लॉट बदलला की नावही बदलू शकते आणि जुन्या नावाने केलेली सेटिंग लागू होत नाही. ‘नो-कॅरिअर’ असे दिसल्यास कार्ड ओळखले गेले आहे. केबल व स्विच तपासावेत.

सुटे कार्ड दुसऱ्या चालू संगणकातही यादीत आले नाही, तरच ते निकामी मानावे. इतिहासात पुराव्यावाचून विधान करू नये, तसेच यंत्राविषयीही. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी या तीन पायऱ्या अवश्य कराव्यात. तो एखाद्या मुलाच्या शिक्षणास उपयोगी पडेल.

जय भीम!