बारूखाची दुसरी गुंडाळी

आजचे वाचन: यिर्मया ३६:१-३२ आणि ४५:१-५



पाचारणाचा विषय निघाला की आपण मोशे, शमुवेल, पौल यांची नावं घेतो. आज मला तुमचं लक्ष एका लेखनिकाकडे वेधायचं आहे: नेरीयाचा पुत्र बारूख. त्याच्या नावावर एकही चमत्कार नाही. यिर्मया सांगायचा आणि हा लिहायचा. सरदारांनी त्याला विचारलं की तू हे सगळं कसं लिहिलंस, तेव्हाही त्याने इतकंच सांगितलं की तो तोंडाने सांगत होता आणि मी शाईने लिहीत होतो (३६:१७-१८). एवढीच त्याची सेवा. पण याच सेवेत तो एकदा इतका खचला की देवाने खास त्याच्यासाठी एक निरोप दिला. तो ४५ व्या अध्यायात आहे. अध्याय कसला, अवघी पाच वचनं! वाचताना आपण ती सहज ओलांडून पुढे जातो.

१. आधी काळ समजून घेऊ

यहोयाकीम राजाचं चौथं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ६०५ च्या सुमाराचा काळ. त्याच वर्षी कर्कमीश येथे बाबेलच्या नबुखद्नेस्सराने मिसरी सैन्याचा पराभव केला (४६:२). यरुशलेमेवर संकट येणार हे दिसू लागलं होतं. यिर्मया तेवीस वर्षं कळवळून सांगत होता आणि लोक ऐकत नव्हते (२५:३). आता तर त्याला मंदिरात जायलाही बंदी होती. अशा वेळी देवाने त्याला सांगितलं की आजवरचं सगळं लिहून काढ. तेवीस वर्षांचे संदेश! लेखणी बारूखाच्या हातात होती.

पुढच्या वर्षी, नवव्या महिन्यात, उपवासाच्या दिवशी बारूखाने शाफानाचा पुत्र गमऱ्या याच्या खोलीतून ते सर्व लोकांना वाचून दाखवलं. सरदारांनीही ते ऐकलं आणि ते घाबरले. "तू आणि यिर्मया लपून राहा," असं त्यांनी बारूखाला बजावलं. गुंडाळी राजाकडे गेली. थंडीचे दिवस होते, राजा शेगडीसमोर बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले की तो तेवढा भाग चाकूने कापायचा आणि शेगडीत टाकायचा. असं करत त्याने सगळी गुंडाळी जाळली. गमऱ्यासह तिघांनी विनवणी केली, पण त्याने ऐकलं नाही. उलट दोघांना पकडायचा हुकूम दिला. देवाने त्यांना लपवलं.

२. बारूखाची तक्रार कधीची?

बारूख म्हणतो की मला आधीच वेदना होती, त्यात देवाने दुःखाची भर घातली. कण्हून कण्हून मी थकलो, मला चैन नाही (४५:३). आपल्याला वाटतं, साहजिकच आहे, इतक्या कष्टाचं काम जळालं की कोणीही असंच म्हणेल. पण अध्यायाची तारीख बघा. हे चौथ्या वर्षीचं आहे, लिहिण्याचं काम चालू होतं तेव्हाचं. गुंडाळी तर पाचव्या वर्षी जळाली. म्हणजे आग लागण्याआधीच हा माणूस थकला होता.

मला हे फार खरं वाटतं. निराशा नेहमी मोठ्या संकटातून येते असं नाही. रोजच्या कामातून, हळूहळूसुद्धा ती येते. जे लिहायचं ते आपल्याच लोकांच्या नाशाविषयी, ऐकणारा कोणी नाही, शाबासकी नाही. असं दिवसामागून दिवस लिहिताना बारूखाच्या मनावर काय गेलं असेल?

आणखी एक गोष्ट. यिर्मया ५१:५९ मध्ये नेरीयाचा पुत्र सराया भेटतो. तो पुढे सिद्कीया राजाचा अधिकारी झाला. आजोबांचं नावही तेच आहे, म्हणजे हा बारूखाचा भाऊ. शिकलेलं, दरबारात वजन असलेलं घर. बारूखालाही तशीच वाट मोकळी असणार. आपल्या भावाकडे बघून त्याच्या मनात काय यायचं हे शास्त्र सांगत नाही. पण देवाने त्याला जो प्रश्न विचारला, त्यावरून थोडा अंदाज येतो.

३. देवाचं उत्तर

देव त्याला रागावून हाकलत नाही. पण "सगळं ठीक होईल" असंही म्हणत नाही. तो तीन गोष्टी सांगतो.

पहिली: मी स्वतः जे बांधलं ते पाडत आहे, जे लावलं ते उपटत आहे. म्हणजे, बारूखा, दुःख तुझ्या एकट्याचं नाही. आपल्या हाताने लावलेलं उपटताना लावणाऱ्याला काय वाटत असेल?

दुसरी: तू आपल्यासाठी मोठ्या गोष्टी पाहतोस काय? पाहू नकोस. इथे "आपल्यासाठी" हा शब्द महत्त्वाचा आहे. मोठं काम करू नकोस असं देव म्हणत नाही. त्या कामातून स्वतःला काय मिळेल याचा हिशोब ठेवू नकोस, असं तो म्हणतो. हा हिशोब सुटला की निम्मा थकवा तिथेच उतरतो.

तिसरी: जिथे जाशील तिथे तुझा जीव मी तुला लूट म्हणून देईन. मान नाही, पद नाही, फक्त जीव. ऐकायला थोडं वाटतं. पण बारूख सिद्कीयाच्या काळात यिर्मयाचं खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवताना दिसतो (३२:१२-१४). नगर पडल्यावर लोकांनी त्याच्यावर खोटा आळ घेतला आणि त्याला मिसरात नेलं (४३:३-६). तरी तो जिवंत होता. शब्द दिल्याप्रमाणे देवाने त्याला राखलं.

४. "दुसरी गुंडाळी घे"

आता ३६:२७-३२ वाचा. जळाल्यावर देवाची आज्ञा काय? दुसरी गुंडाळी घे आणि पुन्हा लिही. बारूखाने पुन्हा लिहिलं, पहिल्या शब्दापासून. आणि तशाच आणखी पुष्कळ वचनांची त्यात भर पडली. या वेळी त्याची तक्रार लिहिलेली नाही. दुःख झालं नसेल असं नाही. पण "आपल्यासाठी" काही नको हे आधीच ठरलं होतं, म्हणून राजाच्या शेगडीला त्याचं पाचारण जाळता आलं नाही. आज आपण जे वाचतो त्याचं मूळ त्या दुसऱ्या गुंडाळीत आहे.

१९८२ मध्ये यरुशलेमेच्या दावीदनगरातील उत्खननात मातीचे अनेक जुने शिक्के सापडले. त्यातल्या एकावर शाफानाचा पुत्र गमऱ्या हे नाव आहे. तो हाच गमऱ्या असावा असं अनेक अभ्यासक मानतात. ते शिक्के टिकले कसे? बाबेलच्या लोकांनी नगर जाळलं तेव्हा कागदपत्रं गेली, पण त्यांवरची ओली-कच्ची माती त्याच आगीत भाजून पक्की झाली!

५. सेरामपूरची आग

असंच आपल्या देशातही घडलं. कलकत्त्याजवळच्या सेरामपूर येथे विल्यम केरी आणि त्याच्या सोबत्यांचा छापखाना होता. केरी मूळचा इंग्लंडमधला चांभार. १७९३ मध्ये तो बंगालमध्ये आला. दुसऱ्याच वर्षी त्याचा लहान मुलगा पीटर वारला, पत्नीचं मन कायमचं बिघडलं, आणि पहिला बाप्तिस्मा व्हायला डिसेंबर १८०० उजाडला. सात वर्षं! आपल्या मराठीवरही त्याचे उपकार आहेत. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने त्याने मराठीचा अभ्यास केला. त्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी त्या छापखान्याला आग लागली. कागद, टाइप आणि कित्येक वर्षांची हस्तलिखितं जळाली. त्यात अनेक भाषांचा मिळून तयार होत असलेला कोशही गेला. पण छपाईयंत्रं वाचली, अक्षरांचे साचेही वाचले. राखेतून वितळलेला धातू गोळा करून नवे टाइप ओतले गेले आणि काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. तीच वाट दुसऱ्यांदा चालणं जास्त सोपं आणि नेमकं होतं, अशा अर्थाचं केरीने लिहिलं. १८३४ मध्ये मरेपर्यंत तो भारतातच राहिला.

६. आपल्यासाठी काय?

मी संडे स्कूल घेतो. एकेकाळी वीस-बावीस मुलं असायची. आता बहुतेक कुटुंबं कामासाठी शहरात गेली, चार मुलं येतात. एखाद्या रविवारी दोनच. कधी मनात येतं, दोन मुलांसाठी शनिवारी रात्री बसून तयारी कशाला करायची? अशा वेळी मी ४५ वा अध्याय काढतो. मोजणी कोणासाठी करतोयस, असं जणू प्रभू विचारतो. मग वही उघडतो आणि धडा लिहायला घेतो.

तुमची गुंडाळी वेगळी असेल. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा, विश्वासात नसलेल्या नवऱ्यासाठी केलेली प्रार्थना, पगार वेळेवर न मिळणारी पाळकाची सेवा. आज या तीन गोष्टी करून पाहा:

• थकलात हे देवाला स्पष्ट सांगा. बारूखाने सांगितलं, देवाने ऐकलं. थकवा म्हणजे अविश्वास नव्हे.
• या कामातून मला स्वतःसाठी काय हवं होतं, हे प्रामाणिकपणे एका कागदावर लिहा आणि प्रार्थनेत ते त्याच्या हाती द्या.
• जे जळालं त्याचा शोक करा, पण शेगडीपाशी बसून राहू नका. दुसरी गुंडाळी घ्या. पहिली ओळ आजच लिहा.

प्रार्थना: हे प्रभू, आम्ही थकलो आहोत हे तू जाणतोस. आपल्यासाठी मोठेपण शोधण्यापासून आम्हांला सोडव. जे जळालं ते तुझ्या हाती देतो. पुन्हा लिहायला बळ दे, आणि तुझा शब्द आमच्या हातून पुढे जाऊ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.